आठवा बोगदा

माणसं खेळ विकायला शिकली त्याच्याही आधी, एका बाभळीवर झिपरू नावाचा सुगरण पक्षी रानातल्या पिल्लांना खेळायला एकट्याने भुलभुलैया विणत होता. सात बोगदे झाले, तरी त्याला आठवा हवाच होता. खाणं सुटलं, झोप उडाली, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान!

"अहो, दोन दाणे खा, जरा डुलकी काढा," शेजारची साळुंकी म्हणाली.

"डुलक्या सामान्यांनी काढाव्यात," म्हणत झिपरू पेंगत पेंगत आतून विणत राहिला.

ठरल्या दिवशी पिल्लं जमली. आठही बोगदे सुरेख होते. पण झोपेच्या गुंगीत झिपरूने दारही विणून बुजवून टाकलं होतं आणि तो आतच अडकला होता.

"आता हो?" साळुंकीने घाबरून विचारलं.

आतून क्षीण आवाज आला, "दार पुढच्या हंगामात काढू. तोवर नववा बोगदा घेतो."