निलवाची डोण

गावात शिरताना उजव्या हाताला एक उघडा कातळ लागतो. आसपासचा सगळा दगड काळा, हा एवढाच तांबडा, विड्यातल्या काताच्या रंगाचा. त्याच्या मधोमध दगडात कोरलेली लांबट डोण आहे, जनावरांना पाणी पाजायला असते तशी, आणि शेजारी एका जुनाट बाभळीचं खोड. नवा पाहुणा हमखास विचारतो, की इतके पावसाळे गेले तरी हा रंग धुऊन कसा जात नाही? आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला लगेच उत्तर देत नाहीत. आधी म्हणतात, "वाका, आणि ओंजळीनं पाणी प्या." जो वाकत नाही त्याला ही गोष्ट सांगायची नाही, असा इथला रिवाज आहे.

तुम्ही वाकलात, म्हणून सांगतो.

त्या काळी पाठोपाठ दुष्काळ पडले होते, असे सांगतात. गावातली जुनी विहीर आटली, तेव्हा सगळ्यांनी मिळून डोंगराच्या पायथ्याशी नवी विहीर खणली. पाणी लागलं, पण फार खोल. घागरी ओढून ओढून बायकांच्या तळहातांची सालं निघाली. माणसांचं कसंबसं भागे, पण जनावरं आणि शेतं तशीच तहानलेली. विहिरीवर मोट लावायची म्हटलं, तर मोट म्हणजे बैलांनी ओढायची कातड्याची पिशवी, आणि लहान कातडी जोडून शिवलेली मोट एवढ्या खोलातून वर येईपर्यंत शिवणीतून निम्मी गळून जायची. बिनजोडाची थोरली मोट हवी होती. त्यासाठी कातडंही तसंच थोरलं हवं होतं.

ते मात्र गावाकडे होतं. देवीला सोडलेला रेडा त्याच उन्हाळ्यात ओढ्यात बसला तो उठलाच नाही. त्याच्या अंगापिंडाचा रेडा पंचक्रोशीत नव्हता. कातडं सोलून, मीठ चोळून ठेवलं, पण ते कमवायचं कुणी? येसाजी पाटील बाजाराच्या गावी जाऊन आला. तिथल्या कसबी लोकांनी जी किंमत सांगितली ती ऐकून तो गुळाचा खडाही तोंडात न टाकता उठला, म्हणे. खरं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. एवढं कातडं कमवायचं म्हणजे महिनोन् महिने त्याच्या पाठी लागायचं, साल कुटायची, पाणी वाहायचं. पण गावाला ते ऐकायचंच नव्हतं. गावाला मोट थोरली हवी होती आणि भाव माफक.

मग गावाला कल्लाप्पाची आठवण झाली.

कल्लाप्पा ढोर समाजाचा, कातडी कमावणारा. त्याच्या आळीतली बाकीची घरं दुष्काळात जगायला निघून गेली होती. मागे हा राहिला होता आणि त्याची बायको निलवा. दोघांचंही वय उतरलेलं, मूलबाळ नाही. नवी विहीर खणताना दगड उपसायला कल्लाप्पा गावाला चालला होता. पाणी लागलं आणि चालेनासा झाला. निलवानं विहिरीपासून लांब घागर मांडून बसायचं, आणि कुणाच्या मनात आलं तर तिनं वरून ओतायचं. उन्हाळा वाढत गेला तशा ओतणाऱ्याही कमी होत गेल्या.

एकदा अशीच रिकामी घागर घेऊन आल्यावर निलवा त्याला म्हणाली होती, "जल्मभर वरनं वतल्यालं प्याले. एकदा वाकून प्यायचं हाय मला. पोटभर. कुनाच्या तोंडाकडं न बघता."

पाटील कातड्याची गाडी घेऊन दारात आला आणि लांबूनच म्हणाला, "कल्लाप्पा, काय घेशील ते सांग, पर गावाची कड बघून सांग," तेव्हा कल्लाप्पाला बायकोचं तेच बोलणं आठवलं.

"मला दानं नगंत, काय नगं," तो म्हणाला. "मोट सुरू झाली की रोजची पैली मोट पाटानं माझ्या डोनीत सोडा. हितं, कातळावर. बास."

पाटलासोबत आलेली मंडळी हे ऐकून चपापली. रोजची पहिली मोट देवीची, ती याला कशी द्यायची? घासाघीस सुरू झाली. रोजची नको, महिन्याची. महिन्याचीही नको. शेवटी पाटील म्हणाला, "वरसातनं एकदा. पाडव्याला."

कल्लाप्पानं दाराकडे पाहिलं. निलवा उंबऱ्यात उभी होती. तिनं हळूच मान हलवली. वर्षातून एकदा वाकून प्यायला मिळेल, हेही तिला कमी वाटलं नव्हतं.

"बरं. पर कामाला पानी लागंल, पाटील. येवढं कातडं लई पितं. ते तेवढं गावच्या हिरीतलं..."

"कामाचं पानी तुजं तू बघ. भाव ठरला त्यात समदं आलं."

पाटलानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि मंडळी परत फिरली. एवढं थोरलं कातडं एवढ्या माफक भावात कमावून मिळतंय, म्हणून त्या संध्याकाळी चावडीवर हशा पिकला होता, असेही सांगतात. सांगणारा इथे दर वेळी खाली बघतो.

कल्लाप्पानं कातडं चुन्याच्या खड्ड्यात घातलं, केस काढले, मांस खरवडलं. मग घायपाताच्या दोरानं ते पिशवीसारखं शिवलं आणि तोंड वर ठेवून बाभळीच्या फांदीला टांगलं. रेडा जिवंतपणी दिसला नसेल एवढा थोरला दिसू लागला. त्यात बाभळीची साल आणि हिरडा कुटून कालवलेलं पाणी भरलं. ते तांबडं पाणी थेंब थेंब पाझरून खालच्या डोणीत पडे, डोणीतून काढून पुन्हा वर ओतायचं. पण जितकं ओतावं तितकं परत मिळत नसे. काही ऊन पिई, आणि बरंच कातडं पिई. कातडं पीत असतं तोवर ते कच्चं. पातळी उतरायची थांबली, सकाळी पिशवी काठोकाठ दिसू लागली, की कातडं धालं, म्हणजे कमावून झालं. कल्लाप्पाचा बाप हे सांगून गेला होता आणि त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं.

पाणी निलवा आणायची. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून, करवंटीनं पाणी गोळा करून, घागर डोक्यावर घेऊन ती यायची. थोडं घरात, बाकीचं कातड्यात. कल्लाप्पा दिवसभर डोंगरावर साल काढायला असे. संध्याकाळी तो आला की ती त्याला तांब्या भरून द्यायची.

"तू?" तो विचारायचा.

"मी झिऱ्यावरच पिऊन आले."

ती हे इतक्या सहज म्हणायची की दुसऱ्यांदा विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचं मन त्या दिवसांत कातड्यातच होतं. एवढं मोठं कातडं त्याच्या हाताखाली कधी आलं नव्हतं. तो त्याच्याशी बोलायचा, पोटावरून हात फिरवायचा, फांदी वाकते की काय म्हणून उठून बघायचा. निलवा त्याला चिडवायची, "माज्यावर येवढा हात फिरवला असता तर मीबी कमावून निगाले असते." तो हसायचा.

मग एका सकाळी पिशवी काठोकाठ होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. त्याच्या अंदाजापेक्षा हे फार लवकर होतं. पण दुष्काळाला कंटाळलेल्या माणसाला चांगली गोष्ट लवकर झाली तर शंका येत नाही. त्याला वाटलं, देवीचा रेडा आहे, देवीनंच घाई केली.

"निले, धालं गं!" तो ओरडला.

निलवा भिंतीला टेकून बसली होती. "मग उतरवा की," ती म्हणाली. "मी जरा पडते. डोकं गरगरतंय."

त्यानं पाणी काढून पिशवी उतरवली, दोर उसवला आणि रापीनं मानेकडचा एक तुकडा कापून उन्हात धरला. पुरतं कमावलेलं कातडं कापलं की आरपार तांबूस दिसतं. हे कडेला तांबूस होतं, आणि मधोमध पांढरी रेघ. कच्चं. अजून कितीतरी प्यायचं राहिलेलं.

कच्चं कातडं पाणी प्यायचं थांबत नाही, हे कल्लाप्पाइतकं कुणाला ठाऊक असणार? मग पिशवी भरलेली कशी राहिली? ती भरत कोण होतं?

तो घरात गेला. घागर कोरडी. रांजणाच्या तळाला धूळ. निलवा जमिनीवर पडली होती, ओठ भेगाळलेले. हे ओठ आज भेगाळले नव्हते. तो बघत नव्हता, एवढंच.

"निले, तू झिऱ्यावर पीत हुतीस न्हवं?"

"झिरा कवाच आटला वं," ती म्हणाली. "पल्याडच्या वढ्यातनं आनून रातीच कातड्यात वतत हुते. येकच घागर यायची. त्यात तुमी आन् कातडं, दोघं भागत हुता."

"आन् तू?"

"मी पाडव्याला पेनार हाय की. वाकून."

कल्लाप्पा घागर घेऊन विहिरीकडे धावला. भर दुपार होती, विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. काठावर दोर होता, दोराला बांधलेली कुणाची तरी कळशी होती. तो नेहमीच्या जागी, लांब, जमिनीवर बसला, घागर पुढे मांडली आणि हाका मारू लागला. "कुनी हाय का? पानी वाडा वं! कुनी तरी वाडा!"

कळशी हातभर अंतरावर होती. दोर होता. पाणी होतं. बघायलाही कुणी नव्हतं. पण मनाई त्याच्या अंगात सालीच्या पाण्यासारखी आरपार मुरली होती. उठावं, दोर सोडावा, हे त्याला सुचलंच नाही, असे सांगतात. तो फक्त हाका मारत राहिला. हाका ऐकून पाटलीण अंबूबाई घराबाहेर आली, धावत विहिरीवर गेली आणि तिनं त्याची घागर भरली. तो परत पोचला तेव्हा निलवाला पाणी नको होतं.

तिला मूठमाती देऊन आल्यावर कल्लाप्पानं कातडं पुन्हा शिवलं आणि बाभळीला टांगलं. कुणी म्हणतं दिलेल्या शब्दासाठी, कुणी म्हणतं तिचं पाणी त्यात होतं, ते त्याला वाया घालवायचं नव्हतं. मला दुसरं खरं वाटतं.

त्या संध्याकाळी अंबूबाई डोक्यावर घागर घेऊन कातळावर आली. तिनं ती कातड्यात रिती केली. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत आणखी बायका होत्या. प्रत्येकीच्या घरात पाण्याची मारामार होती, तरी त्या आल्या, आणि कातडं खरोखर धालं तोवर येत राहिल्या. हेच आधी का झालं नाही, हा प्रश्न आमच्या गावात अजूनही विचारतात.

मोट तयार झाली तेव्हा येसाजी पाटील आला. या वेळी तो लांब थांबला नाही. पार डोणीजवळ आला आणि मान खाली घालून म्हणाला, "कल्लाप्पा, रोजची पैली मोट तुजी. पाडव्याचं ऱ्हाऊ दे. रोजची."

कल्लाप्पा डोण घासत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"आता रोजची घिऊन काय करू, पाटील? वाकून पिनारी गेली."

तरी पहिल्या दिवशी पहिली मोट पाटानं कातळावर आलीच. सारा गाव जमला होता. बिनजोडाची मोट, थेंबही गळाली नव्हती. डोण भरली, काठावरून वाहू लागली आणि वाहताना तांबडी झाली, म्हणे, आणि तो रंग कातळात उतरला तो कायमचा. कुणी म्हणतात, हा कातड्यातून पाझरलेल्या सालीचाच रंग. असेलही. कल्लाप्पा डोणीपाशी बसून राहिला. पाण्याकडे बघत म्हणाला, "निले, तू आदी पी." पाण्याला कुणीच हात लावला नाही. बऱ्याच वेळानं अंबूबाई पुढे आली, कातळावर गुडघे टेकले, वाकली आणि डोणीतलं पाणी ओंजळीनं प्यायली. तिच्यामागून पाटील वाकला. मग एकेक करून सारे.

कल्लाप्पा मात्र प्यायला नाही. पुढे तो कुठे गेला हे कुणालाच माहीत नाही.

आता मोटा गेल्या, बैलही गेले. पण आजही आमच्या गावात कातड्याच्या कामाचा भाव कुणी पाडून मागत नाही. चप्पल शिवून घेतली तरी कारागीर जे मागेल ते दिलं जातं. आजही कुणाच्या बोअरला पाणी लागलं की पहिली घागर या डोणीत येते. इथे कुणी कुणाला वरून पाणी ओतत नाही, ज्यानं त्यानं वाकून प्यायचं. आणि डोण भरली की गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस पाण्याकडे बघून म्हणतं, "निले, तू आधी पी."

मग थोडा वेळ कुणीच पाण्याला हात लावत नाही.