उंबरावरची चिंधी

एकदा एका व्यापाऱ्याला नदीचा ध्यास लागला. पैसा हाताशी होता, नदी गावाला लागूनच होती. त्याने अगदी काठावर एक देखणा महाल उठवला. दगडी पायऱ्या, नक्षीदार कमानी, आणि तळमजल्यावर नदीच्या अंगाला एक प्रशस्त खोली. ही खोली त्याच्या वृद्ध मातेची. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नसे, म्हणून तिला पडल्या पडल्या नदी दिसावी अशी त्याची इच्छा. हेतू चांगलाच होता, त्याला कोण नाव ठेवणार? पण खिडकीत मावते तेवढ्या नदीने त्याचे समाधान होईना. खिडकीशेजारच्या भिंतीवरही त्याला तीच नदी रंगवून हवी होती.

त्यासाठी एका वृद्ध चित्रकाराला बोलावणे गेले. वृद्धाचा हात आता कापत असे, म्हणून त्याने भिंत आपल्या शिष्यावर सोपवली. पहिल्या दिवशी त्याने शिष्याला खोलीत ताठ उभे केले आणि बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, गेरूत भिजवलेल्या सुताने भिंतीवर आडवी रेघ मारून घेतली.

"हे तुझं क्षितिज," तो म्हणाला. "आता इथून जे दिसतं ते सगळं काढ. निवडत बसू नकोस."

एवढे सांगून तो नदीपलीकडच्या मठात मुक्कामाला गेला. इकडे व्यापाऱ्याने शिष्याला शब्द दिला, की चित्र पाहुण्यांच्या पसंतीला उतरले तर काठावर उठणाऱ्या साऱ्या महालांच्या भिंती तुझ्याच. शिष्याची तिशी उलटली होती, आणि अजून लोक त्याला 'अमक्यांचा शिष्य' एवढ्याच ओळखीने हाक मारत. त्याने त्या भिंतीत जीव ओतला.

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. वैशाखाचे ऊन होते आणि नदी वाळूच्या पात्रात अंग चोरून वाहत होती. गुरू सकाळीच आला. भिंतीवर नदीचे संथ वळण होते, पलीकडे शेते होती, आणि अलीकडच्या काठावर खिडकीतून दिसे तोच जुना उंबर पान न् पान उभा होता. वृद्धाने चित्र बराच वेळ न्याहाळले, मग खिडकीतून बाहेर पाहिले, मग पुन्हा चित्राकडे.

"सगळं काढलंस?"

"हो, गुरुजी," शिष्य म्हणाला. पण खिडकीकडे बघायचे त्याने टाळले.

पाहुणे जमले. व्यापारी त्यांना आईच्या खोलीत घेऊन आला. वाहवा सुरू झाली, शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले, आणि नेमक्या त्याच वेळी गुरूने कुंचला उचलला. पाहुण्यांच्या देखत त्याने क्षितिजाच्या रेघेच्या बऱ्याच वर, उंबराच्या वरच्या बेचक्यात मळक्या रंगाचे फटकारे ओढले. वाळल्या गवताचा एक गुंता. एका फुटक्या टोपलीचा सांगाडा. आणि त्यातून लोंबणारी, विटक्या तांबड्या काठाची एक चिंधी.

व्यापाऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. वयाचा मान ठेवून तो वृद्धाला काही बोलला नाही. तो शिष्याकडे वळला.

"रंग ओला आहे. आत्ताच्या आत्ता पुसून टाक. नाहीतर आजच्यानंतर या काठावर तुला भिंत मिळायची नाही."

शिष्याने ओले फडके उचलले. त्याला गुरूचा संताप आला होता. म्हातारपणी शिष्याचे कौतुक बघवले नाही, असेही मनात येऊन गेले. तो चौरंगावर चढला, फडके चिंधीपर्यंत नेले, आणि हात तिथेच थबकला. ही चिंधी त्याच्या ओळखीची होती. रोज सकाळी रंग कालवताना ती त्याला खिडकीतून दिसत होती.

"पुसतोस ना?" व्यापारी ओरडला. एका पाहुण्याने हसून वेळ मारून नेली, "असू द्या हो, कोणीतरी लुगडं वाळत घातलंय!"

दोघेचौघे हसले. पलंगावर बसलेली म्हातारी मात्र हसली नाही. ती भिंतीचा आधार घेत उठली, चित्राजवळ गेली आणि हात वर केला. तिचा हात चिंधीपर्यंत पोचेना.

"अरे," ती म्हणाली, "एवढ्या उंचावर लुगडं कोण वाळत घालतं?"

व्यापाऱ्याने शिष्याकडे पाहिले. आवाज एकदम खाली आला होता. "हे खरंच आहे त्या झाडावर?"

आता 'नाही' म्हटले असते तर सगळ्या भिंती त्याच्या होत्या. त्याने फडके खाली टाकले.

"आहे, शेठजी. मी रोज पाहत होतो. चित्रात शोभत नाही म्हणून वगळलं."

व्यापारी खिडकीशी गेला आणि मान उंच करून पाहत राहिला. मग वृद्ध बोलला.

"शेठजी, चित्रातलं क्षितिज म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. क्षितिजाच्या वर जे दिसतं, ते तुमच्या डोळ्यांच्या वर असतं. हे गवत तिथे माणसाने ठेवलेलं नाही, पुराने ठेवलंय. म्हणजे एके वर्षी पाणी तिथवर चढलं होतं. त्या वेळी ही खोली असती, तर इथे उभ्या माणसाचं डोकं पाण्याखाली असतं. आणि तुम्ही तर इथे आईंचा पलंग मांडलाय. मी नुसतं सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्याशी वाद घातला असता. आपल्याच भिंतीशी कोण वाद घालणार?"

स्वयंपाकघरात शकुनाचे दूध उतू गेल्याचा वास येत होता.

"माझं अंथरूण वर घाला," म्हातारी म्हणाली.

"आई, जिना... तुझे गुडघे?"

"दुखू देत. आणि खाली दुसऱ्या कुणालाही निजवू नकोस. गड्यांनासुद्धा."

व्यापाऱ्याने मान डोलावली. मातेला धरून तो स्वतः जिन्याकडे निघाला. पाहुणेही एकेक करून बाहेर पडले. त्यांच्यातले बरेचजण याच काठावर जागा घेऊन बसले होते. जाता जाता प्रत्येकाची नजर उंबराच्या शेंड्याकडे वळत होती.

खोलीत दोघेच उरले. शिष्याला वाटले, गुरू आता चार शब्द सुनावेल. वृद्धाने फक्त कुंचला त्याच्यापुढे धरला. शिष्याने तो घेतला, खिडकीतून नीट पाहिले आणि पलीकडच्या काठावरच्या बाभळींत अडकलेले गवत रंगवायला घेतले. तेही त्याने वगळले होते.

नदीकाठी घर बांधणाऱ्याने, आणि नदी रंगवणाऱ्यानेही, पाण्याचे रूप डोळे भरून जरूर पाहावे. पण त्याआधी एकदा मान वर करून काठावरची झाडे पाहावीत.