सर्वात निष्ठावान गिऱ्हाईक

रावसाहेब मगदूम यांची किराण्याची मोठी दुकानं सांगलीपासून कराडपर्यंत पसरली होती. गिऱ्हाइकांच्या माहितीला शिस्त लावायला त्यांनी पुण्याहून केतकी दाभाडे हिला सल्लागार म्हणून बोलावलं. ती पोचली तेव्हा साहेब शबाना मुजावर या कॅशियरला कामावरून काढत होते.

"बाकीचे प्रत्येक बिलावर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घालतात. हिची निम्मी बिलं कोरी! पगार कापला तरी सुधारत नाही."

"लोक नंबर द्यायला नको म्हणतात, साहेब. जबरदस्ती कशी करू?" शबाना म्हणाली.

"मग बाकीच्यांना बरे देतात!"

केतकीने संगणकात जरा शोधाशोध केली. "साहेब, आधी तुमच्या सर्वात निष्ठावान गिऱ्हाइकाचा सत्कार करू या. तो रोज तुमच्या सगळ्या दुकानांत खरेदी करतो. काल तर एकाच वेळी सांगलीत डायपर घेतले आणि कराडात दाढीचं सामान!"

"वा! लावा फोन, मी स्वतः बोलतो."

केतकीने फोन लावला. साहेबांचाच खिसा वाजू लागला.

तक्रारीसाठी साहेबांचा नंबर प्रत्येक काउंटरवर चिकटवलेला होता. गिऱ्हाईक नको म्हणालं की पगार वाचवायला कॅशियर तोच टाकत होते.

साहेब लालबुंद झाले. "मग सगळ्यांनाच काढतो!"

"खोटं लिहिलं तर पूर्ण पगार मिळतो आणि खरं लिहिलं तर नोकरी जाते, हा नियम तुमचा आहे, साहेब. काढायचंच असेल तर त्या नियमाला काढा."

फोन अजून वाजत होता. साहेबांनी तो बंद केला आणि शबानाकडे न बघताच म्हणाले, "जा, काउंटरवर रांग लागली असेल."