ओवीच्या हातातली सुई

दोन वर्षांच्या ओवीची शीर चार वेळा टोचल्यावर सापडली होती. तरी डॉक्टर गुर्जरांचा एकच हेका, "तिसरा दिवस झाला, सलाईनची सुई बदला!"

सिस्टर तेजश्री वैतागली. "सर, शीरच सापडेना म्हणून नऊ मुलांच्या सुया पाच दिवस ठेवाव्या लागल्या. रोज तपासून लिहून ठेवलंय, एकही हात सुजला नाही."

"अगं पोरी, वही कसली दाखवतेस? माझी तीस वर्षांची नजर आहे!"

"मग नजरेनंच सांगा." तिने वॉर्डातल्या तीन मुलांच्या सुयांवरच्या चिकटपट्ट्यांवर लिहिलेल्या, सुई टोचल्याच्या तारखा झाकल्या. "सगळ्यांत जुनी सुई कोणती?"

डॉक्टरांनी ऐटीत एका मुलाच्या लाल झालेल्या हाताकडे बोट दाखवलं. तिने तारीख उघडली. सुई आज सकाळचीच होती.

"ही आत्ता काढते, सर. पण ओवीचा हात छान आहे. तिला काय कॅलेंडर बघून टोचू?"