कोहेनची गाय

"मजुरी आणि दोन वेळचं जेवण, असं ठरलं होतं, मालक! चार दिवस झाले, भाकरीचा तुकडा नाही!" मिल्का कडाडली.

यहुदी लोकांच्या जुन्या काळातली ही गोष्ट. हनानेल हा कोहेन, म्हणजे देवळाचा पुरोहित. मिल्का शेतकऱ्याची लेक, त्याच्या घरी कामाला.

हनानेल दाढीत हसला. "खा की! कोण नको म्हणतंय? पण माझ्या घरातला दाणा न् दाणा देवाच्या वाट्याचा. तो कोहेनने खावा, त्याच्या बायकोने खावा, त्याच्या गुरांनी खावा. मजुराने नाही! शास्त्र आहे."

"म्हणजे गाय जेवणार आणि मी बघणार?"

"माझ्या लेकाशी, याखीनशी लग्न कर. सून झालीस की पोटभर खा!"

याखीन पंचेचाळीस वर्षांचा. घोरला की शेजारची गाढवं ओरडायची.

"त्यापेक्षा उपाशी बरी!"

"मग पैज! सूर्य मावळायच्या आत, शास्त्र न मोडता, माझ्याच घरात पोट भरून दाखव. बाहेरून काही आणायचं नाही. जिंकलीस तर बक्षीस. हरलीस तर उद्या मांडव!"

मिल्काने कोठारातून टोपलीभर कडधान्य काढलं. भिजवून गायीपुढे ठेवलं. "खा बाई, तुला चालतं!"

गायीने टोपली चाटून पुसली. संध्याकाळी मिल्काने धार काढली आणि चरवी तोंडाला लावली.

हनानेल धावत आला. "थांब! पवित्र दाण्याचं दूधही पवित्र!"

"असं? हेच दूध तुम्ही रोज वेशीवर विकता. तेली पितो, कुंभार पितो, कुंभाराची सासू पिते. सगळ्या गावाकडून शास्त्र मोडवलंत की, मालक!"

हनानेल पेचात पडला. पवित्र म्हणावं तर आपण दोषी. साधं म्हणावं तर पैज गेली!

"साधं," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोला! गायीलाही ऐकू द्या!"

"साधं गं बाई, साधं!" आणि त्याला हसू फुटलं. "पी! आणि ही गाय आजपासून तुझी!"

"नको, नको! माझी झाली तर तीही माझ्यासारखी उपाशी! शेतकऱ्याच्या गायीला पवित्र दाणा चालतो का?"

"नाही."

"मग गाय तुमचीच राहू द्या. मला नुसती भाड्याने द्या. भाडं वर्षाला एक वाटी दही. गाय कोहेनची, म्हणून दाणा तुमच्या कोठारातला. दूध माझं!"

हनानेल इतका हसला, की त्याला गोठ्याचा खांब धरावा लागला. मग त्याने दावं सोडलं आणि तिच्या हातात दिलं.