चिंधू हरकाऱ्याची चूल

फार फार मागं, गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हा, घाटमाथ्यावरच्या पाथरघोळ गावात चिंधू हरकारा राहत होता. सरकारी डाकेची थैली घेऊन तो घाट चढायचा-उतरायचा. त्याच्या काठीचे घुंगरू वाजले की वाघही वाट सोडायचा, असं म्हणतात. आणि चिंधू कधी खोटं बोलला नाही. गावाला त्याचं कौतुक होतं, त्याच्या बायकोला, भागूला, मात्र वैताग यायचा.

एका वर्षी गावात हिवताप शिरला. घाटाखाली सरकारी दवाखाना होता, पण कायदा असा की फुकट औषध फक्त सरकारी नोकराला आणि त्याच्या चुलीवर जेवणाऱ्यांना. बाकीच्यांनी पैसे भरावेत, नाहीतर घरी जावं. शेजारच्या रखमाची पोर कोंडी तापानं फणफणली, तेव्हा चिंधूनं डाकेची थैली पुढं घेतली, पोरीला पाठीशी बांधलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, "चिंधू, ही तुझ्या चुलीवर जेवते का?"

हो म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण चिंधू म्हणाला, "न्हाई जी. आजपास्नं जेवंल."

आणि पोरीला घेऊन तो तसाच घाट चढून परत आला. भागूनं कपाळावर हात मारला, मग पोरीला मांडीवर घेऊन पेज पाजली. दुसऱ्या दिवशी कोंडीला औषध मिळालं. आठवड्यानं ती अंगणात खेळायला लागली.

मग काय, ज्याला थंडी वाजायची तो आधी चिंधूच्या चुलीपाशी येऊन बसायचा. ज्यांना एकमेकांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तेही मुकाट्यानं भागूची भाकरी खाऊ लागले. दवाखान्याच्या वहीत चिंधूचं कुटुंब शंभरावर गेलं, तेव्हा मोठा साहेब स्वतः तपासणीला निघाला. खोटं निघालं तर चिंधूची नोकरी जाणार होती आणि गावाचं औषध बंद होणार होतं.

भागू घरोघर फिरली. एवढंच म्हणाली, "आज कुनी चूल पेटवायची न्हाई."

साहेब आला. दारोदार वाकून त्यानं राखेत हात घातला. सगळीकडे राख गार. धूर निघत होता तो एकट्या चिंधूच्या अंगणातून. तिथं भागू भाकरी थापत होती आणि सारं गाव पंगतीला बसलं होतं. पाटीत पीठ मूठभरच, पण हात घातला की पुन्हा मूठभर निघायचं, असं म्हणतात. गावातल्या बायका हसतात. त्यांचं म्हणणं, पीठ घरोघरचं होतं, आणि हात मोडले ते भागूचे.

घाट चढून साहेबाला भूक लागली होती. भागूनं त्याच्याही हातावर भाकरी ठेवली, ती त्यानं खाल्ली. तेव्हा चिंधूनं अदबीनं विचारलं, "सायब, आता तुमचंबी नाव लिवायचं का?"

साहेब हसला की रागावला, ते कुणालाच कळलं नाही. पण त्यानं वहीवर सही केली.

त्याला किती पिढ्या लोटल्या. अजूनही दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी पाथरघोळात कुणी चूल पेटवत नाही, गॅससुद्धा लावत नाही. चिंधूच्या ओट्यासमोर एकच चूल पेटते आणि तिच्यावरची पहिली भाकरी आजारी माणसाच्या घरी जाते. आणि तालुक्याच्या इस्पितळात कुणी विचारलं, की पेशंटचे तुम्ही कोण, तर पाथरघोळचा कुणीही माणूस बिनदिक्कत सांगतो, "एका चुलीचे."