डोंगरदेशातला रंगारी

फार फार वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या एका गावात दासू नावाचा रंगारी राहत होता. त्यानं रंगवलेलं निळं कापड कितीही धुतलं तरी फिकं पडत नसे. पण एका वर्षी समुद्र शिवारात शिरला. निळीची शेतं खारावली आणि दासूच्या हाताला काम उरलं नाही.

तेवढ्यात दूरच्या डोंगरदेशातून बोलावणं आलं. तिथल्या राजाला लोकर रंगवणारा कारागीर हवा होता. दासूनं सामान बांधलं आणि बायकोला, येसूला घेऊन तो निघाला.

डोंगरदेश थंड होता. तिथली भाषा वेगळी, जेवण वेगळं. राजानं त्यांना एका वाडीत घर दिलं. पहिल्याच दिवशी शेजारची म्हातारी जळणाची मोळी घेऊन दारात आली. दासूनं हात जोडले आणि वाटेत शिकलेले शब्द म्हटले, "नको. आमच्याकडे आहे."

खरं तर घरात एक काटकीही नव्हती.

"घेतली असती तर काय बिघडलं असतं?" येसूनं विचारलं.

"आपण इथं पोटासाठी आलोय," दासू म्हणाला. "कुणाला ओझं व्हायचं नाही. परके आले आणि आमच्या जिवावर बसले, असं उद्या कुणी म्हणायला नको."

पुढे सुगीच्या जेवणाचं आवतण आलं. दासूनं कामाचं निमित्त सांगितलं. थंडीआधी छप्पर नीट करून द्यायला दोघं जण आले, त्यांनाही त्यानं गोड बोलून परत पाठवलं. हळूहळू लोक यायचे थांबले. त्याच्या रंगाचं कौतुक सगळे करत, पण त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालून जात.

एक दिवस येसू म्हणाली, "काल मी घरात एकटीच मोठ्यानं बोलत होते. नाहीतर बोलायचं विसरून जाईन असं वाटलं."

येसूला दिवस गेले होते, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहायला दासूला धीर होत नव्हता.

हिवाळ्यात एका दुपारी जोराचा बर्फ पडू लागला. बर्फाच्या भारानं छपराचा वासा करकरला, आणि त्याच वेळी येसूच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते. दासूला एकट्याला दोन्हीकडे पाहणं शक्य नव्हतं. तो धावत म्हातारीच्या दाराशी गेला.

कामापुरती भाषा तो शिकला होता. मदत मागायचा शब्द मात्र त्यानं कधी कुणाला विचारलाच नव्हता. शेवटी तो आपल्याच बोलीत म्हणाला, "आजी, चला. माझी येसू..." आणि त्याला रडू फुटलं.

म्हातारीला बोली कळली नाही, पण चेहरा कळला. ती पायात काही न घालताच बाहेर पडली आणि तिनं गल्लीभर हाका मारल्या. बायका येसूपाशी गेल्या. पुरुष फावडी घेऊन छपरावर चढले. दिवस मावळायच्या आत घरातून तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू आलं.

"मी तुमचं कधी काही घेतलं नाही," दासू अडखळत म्हणाला. "तुम्हाला त्रास नको म्हणून."

"आणि आम्हाला वाटलं, आमच्या हातचं तुला चालत नाही," म्हातारी म्हणाली. "तुझ्या दारातून परत फिरले, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही रे."



बायका आळीपाळीनं येऊन बाळंतिणीचं करत राहिल्या, आणि दासूनं कुणाला नको म्हटलं नाही. वसंतात तो आपण होऊन शेजाऱ्यांकडे गेला. "मला इथली झाडं ओळखता येत नाहीत. जरा दाखवाल का?" असं त्यानं विचारलं. ते त्याला डोंगरात घेऊन गेले. तिथं एका मुळीतून त्याला असा लाल रंग सापडला, जो समुद्राकाठी त्यानं कधी पाहिला नव्हता.

काही वर्षांनी राजाचं काम पुरं झालं. परत जायची मोकळीक मिळाली. दासूनं येसूला विचारलं, तेव्हा ती शेजारणींबरोबर अंगणात लोकर विंचरत बसली होती.

"जायचं कुठे?" ती म्हणाली. "आता इथून निघायचं म्हणजे पुन्हा गाव सोडायचं."

म्हणून लक्षात ठेवावं: परक्या मुलखात कष्टानं पोट भरतं, पण तो मुलूख आपला होतो तो माणसांनी पुढे केलेला हात धरल्यावरच.